व्यापारी इमारतींच्या खिडक्या : चोरापासून संरक्षण, माणसासाठी वाट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दुकानाच्या खिडकीसारखा रूक्ष विषय निवडला गेला, याचे कित्येकांना आश्चर्य वाटेल. परंतु या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी अनेकांचा उदरनिर्वाह दुकानावर चालतो. वाशिम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर आणि मानोरा या बाजारपेठांत कापड, किराणा, सराफी आणि आडत या व्यवसायांत समाज पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेला आहे. दुकानाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की शटर, कुलूप, तिजोरी आणि अलीकडे सीसीटीव्ही यांची चर्चा होते. खिडकी मात्र गवंडी आणि वेल्डर यांच्या मर्जीवर सोपवलेली असते.

चोराला तिचे महत्त्व पूर्वापार ठाऊक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गृहभेदन म्हणजे काय हे समजावताना जी उदाहरणे दिली होती, त्यांत भिंतीला भोक पाडून शिरणे जसे होते, तसे खिडकीतून शिरणेही होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. गृहभेदनाचा गुन्हा मात्र तिच्यातही कायम राहिला.

जुन्या लोकांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता, असे नाही. कारंजा ही वऱ्हाडातील धनाढ्य पेठ. १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगली अंमलाखालील या पेठेवर स्वारी केली, तेव्हा येथील संपत्तीची कीर्ती दूरवर पोहोचलेली होती. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावे आजही त्या काळच्या बंदोबस्ताची आठवण करून देतात. जुन्या वाड्यांची बांधणी पाहिली, तर रस्त्याकडच्या भिंतीत खालच्या बाजूस खिडक्या थोड्या आणि लहान, गज लाकडी चौकटीतच आरपार बसवलेले, दाराला आतून आडवा अडसर आणि उजेड-वाऱ्यासाठी मधला चौक, अशी ती रचना असे. चोराला बाहेरून हात घालण्यास जागा कमी. आणि तरीही संकटसमयी माणसांना निघून जाण्यास मागे परसदार असे. ही दुसरी गोष्ट नव्या बांधकामांत हरवली, आणि या व्याख्यानाचा खरा रोख तिच्यावरच आहे. तथापि, प्रथम चोरीचा विचार करणे क्रमप्राप्त आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या काळात दोन-तीन मजली व्यापारी संकुले हे येथील बाजाराचे नेहमीचे रूप झाले. समोर काचेची दर्शनी बाजू, आत झगझगीत दिवे आणि मागच्या बोळात मात्र पातळ पट्ट्यांची जाळी, स्वच्छतागृहाचा उघडा झरोका, एक्झॉस्ट पंख्यासाठी ठेवलेले भोक आणि कूलरसाठी कापलेली खिडकी, असे चित्र ठिकठिकाणी दिसते. दर्शनी बाजूवर लाखो रुपये खर्च करणारा व्यापारी मागच्या खिडकीच्या गजाची जाडी विचारत नाही. वास्तविक चोर दर्शनी बाजूने क्वचितच येतो. त्याला अंधार हवा, आडोसा हवा आणि पंधरा-वीस मिनिटांचा निवांत वेळ हवा. मागचा बोळ त्याला हे तिन्ही देतो. पर्युषण व दशलक्षण पर्वाच्या दिवसांत, किंवा कुटुंब शिखरजीच्या यात्रेस गेलेले असताना दुकान ओळीने काही दिवस बंद राहते, तेव्हा तर वेळेचाही प्रश्न उरत नाही.

कापड व्यवसायाची आणखी एक अडचण आहे. खिडकीचे गज माणूस आत शिरू नये या हिशेबाने बसवलेले असतात. परंतु कापडाचा तागा अथवा साड्यांचा गठ्ठा बाहेर काढण्यास माणसाने आत शिरलेच पाहिजे असे नाही. दोन गजांमध्ये अर्ध्या फुटाचे अंतर असेल, तर टोकाला आकडा लावलेली काठी पुरते. लग्नसराईत बस्त्यासाठी भरलेला माल नेमका खिडकीलगतच्या मांडणीवर रचण्याची पद्धत असल्याने चोराचे काम आणखी सोपे होते. यास्तव गजांमधील अंतर चार इंचांपेक्षा अधिक नसावे, आणि गजांच्या आतील बाजूस बारीक छिद्रांची मजबूत पोलादी जाळी असावी. त्या जाळीचा दुसरा उपयोग असा की, पेटती विडी किंवा दिवाळीतील फटाका बाहेरून आत पडत नाही.

गज किती जाड असावा, यापेक्षा तो कशात रोवला आहे, हे अधिक महत्त्वाचे. बारा मिलिमीटरचा चौकोनी गज चांगला. परंतु दोन गजांमध्ये मोटारीचा जॅक बसवला, तर तोही वाकतो. दर दीड फुटावर आडवी पट्टी वेल्ड केली, म्हणजे गज फाकवणे कठीण होते. बाजारात तयार मिळणारी जाळी बहुधा भिंतीच्या बाहेरच्या बाजूस, गिलाव्यावर चार स्क्रूंनी बसवली जाते. चोर ती कापण्याच्या फंदात पडत नाही, स्क्रू काढून सबंध जाळी अलगद उतरवून ठेवतो. जाळी खिडकीच्या पोटात बसवावी, तिचे पाय विटांच्या भिंतीत काँक्रीट भरून पक्के करावेत आणि बोल्टची डोकी बाहेरून हाती लागणार नाहीत अशी असावीत, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ काम होते.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या हा गेल्या काही दशकांचा सर्वमान्य प्रकार. त्यांची कडी लावलेली असूनही पल्ला वर उचलून पन्हळीतून बाहेर काढता येतो, हे अनेकांना माहीत नसते. वरच्या पन्हळीत, पल्ला बंद असताना त्याच्या डोक्यावर येईल असा एखादा अडथळा बसवला की, पल्ला उचलला जात नाही. त्यास खर्च नगण्य आहे. काचेविषयीही गैरसमज आहे. टफन्ड काच मजबूत असते हे खरे. पण अणकुचीदार वस्तूचा नेमका आघात झाला की, ती सबंध काच बारीक तुकडे होऊन गळून पडते आणि वाट मोकळी होते. दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा घालून केलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी चौकटीत टिकून राहते. दर्शनी बाजूस तीच योग्य. मात्र जी काच चोराला रोखते, ती आत अडकलेल्या माणसालाही फोडता येत नाही, हे काच बसवण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

विम्याचा मुद्दाही व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असा निर्णय दिला की, पॉलिसीच्या अटीत बळाच्या वापराने प्रवेश असे म्हटले असेल, तर केवळ माल चोरीस गेला एवढ्यावर घरफोडीच्या विम्याची भरपाई मिळत नाही. खिडकी उघडी राहिली आणि चोर विनासायास आत आला, तर पॉलिसी असूनही व्यापारी रिकाम्या हाताने परत येऊ शकतो. हप्ता भरताना पॉलिसीतील ही अट वाचणारे व्यापारी फारच थोडे.

येथवर चोराचा विचार झाला. आता दुकानाच्या आत असलेल्या माणसाचा.

वाशिमसारख्या जिल्ह्यात खाली दुकान आणि वर घर ही पद्धत सर्रास आहे. कित्येक दुकानांत खेड्यातून आलेला एखादा नोकर रात्री मालाच्या राखणीला झोपतो. मालक रात्री शटर ओढून बाहेरून कुलूप लावतो, किल्ली घरी नेतो आणि निश्चिंत होतो. मागच्या खिडकीला वर सांगितल्याप्रमाणे उत्तम गज असतील, तर चोराला आत येणे अशक्य आणि नोकराला बाहेर पडणेही अशक्य. कृत्रिम धाग्याच्या साड्या पेटल्या की काळा, विषारी धूर निघतो; ज्वाळा पोहोचण्याच्या आधीच या धुराने माणूस गुदमरतो. विजेच्या तारेतील एक ठिणगी एवढ्यास पुरेशी आहे.

हे भय काल्पनिक नाही. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळील उरुळी देवाची येथे साड्यांच्या एका दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले पाच कामगार मृत्युमुखी पडले. दाराला बाहेरून कुलूप होते. ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या शिवणकामाच्या दुकानातील आगीचा धूर वर चढला आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण गुदमरून गेले. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा अंत झाला. त्यांत कामगारांबरोबर कारखान्याचे मालक आणि त्यांचे कुटुंबीयही होते. म्हणजे हा प्रश्न केवळ नोकरांचा आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. या तिन्ही ठिकाणी जळाले ते कापड होते.

वस्त्रव्यवसायाच्या इतिहासात ही चूक जुनी आहे, आणि देशोदेशी झालेली आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून नवव्या मजल्यावरील जिन्याचे एक दार कुलूपबंद ठेवलेले होते. शंभर वर्षांनंतर, ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील बलदिया टाऊनमधील कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक माणसे गेली. तेथे खिडक्यांना लोखंडी गज होते. चार-दोन शर्टांच्या चोरीपासून बचाव करण्यासाठी ही व्यवस्था होती. तिची किंमत कोणत्याही खतावणीत मांडता येणार नाही.

तेव्हा गज काढून टाकावेत काय? अर्थातच नाही. प्रत्येक मजल्यावरची किमान एक खिडकी अशी असावी की, तिची जाळी बिजागरीवर आतून उघडते. तिचा मोकळा भाग सुमारे दोन फूट रुंद व तीन फूट उंच असावा, म्हणजे प्रौढ माणूस त्यातून सहज निघेल. बिजागऱ्या आणि कडी आतील बाजूस असाव्यात, आणि कडीभोवती पोलादी पत्रा असावा, म्हणजे बाहेरून हात अथवा आकडा तिथवर पोहोचणार नाही. जेथे रात्री माणूस झोपतो, तेथे या जाळीला किल्लीचे कुलूप लावूच नये. धुरात, अंधारात, भेदरलेल्या माणसाला किल्ली सापडत नाही. जेथे रात्री कोणीच नसते, तेथे कुलूप चालेल. मात्र दुकान उघडताच ते काढून ठेवावे. ही खिडकी रस्त्याच्या बाजूस असणे श्रेयस्कर, कारण मागच्या बोळात नगर परिषदेचा अग्निशमन बंब शिरत नाही आणि शेजाऱ्यांनी शिडी लावायची म्हटली, तरी जागा नसते. वरच्या मजल्यास खाली उतरण्यासाठी सज्जा अथवा पक्की शिडी हवी. गावातील कोणताही वेल्डर अशी जाळी एक-दोन दिवसांत करून देऊ शकतो. अडचण कौशल्याची नसून ती मागितली जात नाही, ही आहे.

कोणी म्हणेल, आतून उघडणारी जाळी म्हणजे नोकरालाच चोरीची सोय. नोकरावर एवढा अविश्वास असेल, तर त्याला राखणीस ठेवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा खिडकीला चुंबकी संवेदक बसवावा. जाळी उघडताच मालकाच्या घरी अथवा मोबाईलवर सूचना वाजते. चोरी थांबवण्याचे काम घंटेला करू द्यावे, त्यासाठी माणूस कोंडण्याचे कारण नाही. बाहेरून शटरला कुलूप लावून आत माणूस ठेवण्याची पद्धत मात्र आजच्या आज बंद व्हावयास हवी, त्यात तडजोडीला जागा नाही.

चांगली खिडकी केल्यानंतर ती अडवली जाते, हेही नेहमीचे. दिवाळीपूर्वी माल उतरला की, मोकळ्या दिसणाऱ्या प्रत्येक कोपऱ्यात गठ्ठे चढतात, आणि पहिला कोपरा खिडकीचाच असतो. तिच्यासमोर तीन फूट जागेची लाल पट्टी जमिनीवर आखावी आणि तीत एकही गठ्ठा ठेवू नये, अशी सक्त सूचना सर्वांना द्यावी.

कायद्याचे पाठबळ आहेच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, तेथील आगप्रतिबंधक व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. लहान दुकानदारांनाही हे दोन महिने सोयीचे आहेत. त्या दिवशी नोकराला आत उभे करावे, दिवे मालवावेत आणि त्याला ती जाळी एकट्याने उघडावयास सांगावी. बिजागरी गंजलेली असेल, तर तेल घालावे. कडी अडत असेल, तर वेल्डरला त्याच दिवशी बोलवावे.