दमा आणि देहाचे रक्षक
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले निवृत्त शिक्षक. तरीही दम्याविषयी चार शब्द बोलण्यास उभे आहोत. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या दमट हवेत ही व्याधी पुष्कळ घरांस परिचित आहे. परंतु उपवर मुलीस ती असली की आपण लपवितो. म्हणून तिचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

रक्तातील पांढऱ्या पेशी हे देहाचे रक्षक होत. रोगजंतूंशी लढण्यासाठी त्या प्रतिपिंडे निर्माण करतात. गाद्या-उशांत डोळ्यांस न दिसणारे धूलिकीटक वाढतात. त्यांच्या विष्ठेचे कण वस्तुतः निरुपद्रवी. पण काहींच्या देहातील रक्षक त्यांनाच शत्रू मानतात आणि 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार करतात. अमेरिकेत संशोधन करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली ती ओळखली. ही प्रतिपिंडे श्वासनलिकांतील 'मास्ट' पेशींना चिकटून बसतात. तीच धूळ पुन्हा आत गेली की त्या पेशी हिस्टामिनादी द्रव्ये सोडतात. काही मिनिटांत नलिकांचे स्नायू आवळतात व धाप लागते. काही तासांनी इओसिनोफिल पेशी तेथे जमून सूज वाढवितात. धाप थांबली तरी ही सूज आत राहू शकते. सर्वच दमा या प्रकारचा नसतो. पण पुष्कळांचा असतो.

मर्म येथेच आहे. तात्काळ आराम देणारा पंप स्नायू सैल करतो. सूज उतरविण्याचे काम नियमित घ्यावयाच्या स्टिरॉइडच्या पंपाचे. त्याचे व्यसन लागते ही समजूत निराधार आहे. बरे वाटते म्हणून तो आपल्या मनाने बंद करू नये. चादरी व अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्यात धुवावेत. तीव्र दम्यासाठी आयजीईलाच अडविणारे ओमालिझुमॅब हे इंजेक्शनही अमेरिकेत २००३ साली मान्य झाले.

ही प्रवृत्ती कुळात उतरते हे खरे, मधुमेहाचीही उतरते. त्यात कलंक कसला? दमा स्पर्शजन्य नाही आणि उपचाराने बहुधा आटोक्यात राहतो. सासरच्यांच्या नजरेआड ठेवलेला पंप हळूहळू सुटतो, आणि एखाद्या रात्री प्राणांवर बेतते. म्हणून वधूपक्षाने अथवा वरपक्षाने सोयरीक ठरतानाच हे मोकळेपणाने सांगावे, आणि ऐकणाऱ्यांनी मन मोठे ठेवावे, एवढीच आमची ज्ञातीस नम्र विनंती आहे.