मधुमेहींचा पाय आणि वेळेवरची शस्त्रक्रिया

मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. तरीही आजच्या मंगल प्रसंगी एक अप्रिय विषय मांडतो आहे, कारण तो आपल्या टिटवाळ्यातही घरोघरी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू नाहीशी होते. वैशाखात देरासराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून फोड आला तरी त्यांना कळत नाही. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही, आणि तेथेच घात होतो.

फोड फुटून संसर्ग आत शिरला की तो तळव्यातून पोटरीकडे चढू शकतो. पू साचलेल्या, मृत झालेल्या भागात रक्त पोहोचत नाही. मग रक्तावाटे जाणारे औषध तरी कसे पोहोचणार? म्हणून शल्यविशारद पू मोकळा करतात, मेलेले मांस व कुजलेले हाड काढतात. जखम पुष्कळदा न शिवता उघडीच ठेवतात. ती पाहून नातेवाईक घाबरतात, पण आत पू कोंडू नये म्हणूनच ती योजना असते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर अँजिओप्लास्टी अथवा बायपास करून रक्तपुरवठा सुधारतात. मुंबईचे डॉ. अरुण बाळ यांच्यासारख्या शल्यविशारदांनी या एकाच कार्याला वाहून घेतले आहे.

आपल्याकडे मात्र एक बोट काढायचे म्हटले की आठ दिवस खल चालतो. लग्नसराई होऊ द्या, दिवाळीचा हंगाम जाऊ द्या! तोवर पंजा जातो, गुडघ्याखालचा पाय जातो, क्वचित प्राणही. भिजलेल्या ताग्याची कुजकी कड तत्काळ कापावी, हे आपणा व्यापाऱ्यांना शिकवावे लागत नाही. पाय सुजून लाल झाला, दुर्गंधी आली, ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

१९७५ साली जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे कृत्रिम पायांचे कार्य आपणांस ठाऊक आहेच. मूळचा पाय वाचवण्याचे साधन त्याहून किती स्वस्त! १० ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा एक धागा. तो तळव्याला टेकवला आणि स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली असे समजावे. जन्म धाग्यांत गेला, पण या धाग्याची ओळख मला उशिरा झाली.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या संस्थेने जाणकार डॉक्टरांकडून अशा तपासणीचे शिबिर घ्यावे, अशी विश्वस्तांना विनंती करतो. पहिल्या शिबिराचा खर्च मी देईन.