ताण, तब्येत आणि एक फाईल
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



आम्ही डॉक्टर नाही, सरकारी कचेरीतले नोकर आहोत. त्यामुळे औषधं सांगणार नाही. पण चाळिशीनंतर आपल्या घरोघरी जे चाललंय, त्यावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

आपल्याकडे निम्म्या दुखण्यांना एकच नाव आहे, ते म्हणजे टेन्शन. झोप लागली नाही, डोकं जड झालं, चिडचिड झाली, की 'टेन्शन आहे' म्हणायचं आणि विषय संपवायचा. ताण खोटा नाही. मार्चअखेरची कामं, मुलांचं इंटर, आईवडिलांचं आजारपण, घराचे हप्ते कोणाला चुकलेत? ताण आला की शरीर पळण्याची तयारी करतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, यकृत रक्तात साखर सोडतं. आपण मात्र खुर्चीतच बसलेले असतो. रोज हेच झालं आणि त्यात झोप कमी पडली, की तब्येत बिघडायला लागते.

रक्तदाबाची अडचण ही, की तो दुखत नाही. चक्कर येत नाही म्हणजे बीपी नाही, किंवा रागीट माणसालाच बीपी होतं, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. मोजल्याशिवाय तो कळतच नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर येत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. तीस वर्षांवरच्या लोकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत असते. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बरं वाटतंय ते त्या गोळीमुळेच.

आता खास आपली गोष्ट. आपण सीमेवरची माणसं. घर निर्मलला, सोयरे नांदेडला, मुलं हैदराबादला. लग्नाला नांदेडला गेलो की तिथल्या डॉक्टरांना दाखवतो, नंतर निजामाबादला, मग मुलगा हैदराबादला नेतो. प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी. जुनी चिठ्ठी कपाटात नाहीतर दुसऱ्या गावी. मग एकच औषध दोन नावांनी पोटात जातं, नाहीतर चालू गोळी सुटते. त्यात गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणतो. अशा बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावरही भार पडतो. म्हणून विनंती एवढीच, की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एक फाईल करा. चिठ्ठ्या, रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं आणि तारीख घालून बीपी-साखरेचे आकडे, सगळं एकाच जागी. प्रवासात कपड्यांआधी ती फाईल पिशवीत जावी.

जेवणाचं म्हणाल, तर आपल्या ताटात ठेचाही असतो आणि आवकायही, वर पापड. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा, तेही सगळं धरून. एका जेवणाला एकच खारट पदार्थ घेतला तरी बराच फरक पडेल. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावं. त्याने रक्तदाबही उतरतो आणि झोपही लागते.

मनाचं ओझं मात्र बोलल्याशिवाय उतरत नाही. कचेरीत आपण तेलुगू बोलतो, पण रडू येतं ते मराठीतच. घरात बोलणं जमत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं आणि तेलुगूतही.

छातीत दाटून आलं, घाम फुटला, डाव्या हाताकडे कळ गेली, तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन थांबू नका. १०८ ला फोन लावा. ही सेवा २००५ साली आपल्या हैदराबादेतूनच सुरू झाली.

मंडळाला एक सूचना. उत्सवात एक दिवस आरतीआधी मंडपात बीपी मोजायचं यंत्र आणि एक परिचारिका बसवू या. पहिला नंबर कार्यकर्त्यांचा लावू. जागरणं तेच करतात.

गणपती बाप्पा मोरया!