घाटाखालचे बालाघाट

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

आपल्या उत्सवात दरवर्षी व्याख्यान होते. संत होतात, शिवकाल होतो, कधी आरोग्यावर डॉक्टर बोलतात. यंदा मंडळाने विषय घरचाच ठरवला: आपले बालाघाट. ज्या गावात आपल्या तीन-तीन, चार-चार पिढ्या गेल्या, त्या गावाबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे, हे एकदा सगळ्यांनी मिळून पाहावे, एवढाच हेतू.

सुरुवात नावापासून करू. पुण्या-मुंबईकडच्या नातलगांना आपण बालाघाट म्हटले, की ते विचारतात, "म्हणजे मराठवाड्यातले का?" त्यांचेही चुकत नाही. बीड-धाराशिवकडे बालाघाटचे डोंगर आहेतच. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा प्रदेश. आपल्या जिल्ह्याला हे नाव मिळाले ते सातपुड्याच्या घाटांवरून. पण गंमत बघा, आपले गाव घाटावर नाहीच. ते घाटाखाली, वैनगंगेच्या काठच्या सपाटीवर आहे. मग हे नाव आले कुठून?

इंग्रजांनी १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून नवा जिल्हा उभा केला. घाटावरचे बैहर-परसवाड्याचे पठार तेव्हा जवळजवळ ओसाड होते. जंगल, थोडी गोंड-बैगा वस्ती आणि मोकळी जमीन. त्या पठारावर शेतकरी नेऊन वसवावेत, हा नव्या जिल्ह्यामागचा हेतू होता, म्हणून नाव घाटावरचे. कचेरी मात्र खाली वैनगंगेच्या खोऱ्यात, बुढा नावाच्या खेड्यात थाटली. पुढे जिल्ह्याचेच नाव गावाला चिकटले आणि बुढा मागे पडले. आज ते 'बुढी' या मोहल्ल्याच्या नावात तेवढे उरले आहे. 'बारा घाटांचे बाराघाट, त्याचे कलकत्त्याच्या कागदांत बालाघाट झाले' ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती कथाच, पण लोक आजही घाटांची नावे बोटांवर मोजून दाखवतात, हे छानच आहे.

या नावात आपल्या गावाचा स्वभाव दडला आहे, असे आम्हाला वाटते. हे गाव बाहेरून आलेल्या माणसांनी बनवले. परसवाड्याच्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लछमन नाईक यांनी पहिली गावे वसवली. जिल्हा झाल्यावर ब्लूमफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवार शेतकऱ्यांना बैहरकडे जाण्यास उत्तेजन दिले. पोवार आले, लोधी आले, मरार आले, कोष्टी आले, कुणबी आले. मूळचे गोंड आणि बैगा तर होतेच. मारवाडी, गुजराती व्यापारी आले. आणि आपणही आलो.

आपण कधी आलो, याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. लांजीचा मुलूख अठराव्या शतकात देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला. तेव्हापासून मराठी कारभाराची माणसे या खोऱ्यात येत राहिली. चंदन नदीकाठचे रामपायली आणि तिथले राममंदिर त्या काळाची आठवण देते. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. आता कारकून, शिक्षक, वकील, तहसीलचे कामगार नागपूर-भंडाऱ्याकडून बदलीवर येऊ लागले. काही घराण्यांकडे मालगुजारीची गावे होती, ती १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा गेली. १९०१ च्या खानेसुमारीत या गावची वस्ती होती ६,२२३. २०११ मध्ये ती ८४ हजारांच्या घरात गेली.

ही वाढ दोन गोष्टींमुळे झाली. एक रेल्वे, दुसरी मॅंगनीज.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत छोटी लाइन नेली. ही गाडी तुम्हा सगळ्यांच्या घरात नातेवाइकासारखी आहे. मुलगी पाहायला जायचे तर छोट्या गाडीने, बाळंतपणाला लेक आणायची तर छोट्या गाडीने, दहावीनंतर मुलाला नागपूरला पाठवायचे तर आधी गोंदियापर्यंत छोटी गाडी आणि तिथे बदल. पुढे गोंदिया-बालाघाट मार्ग मोठा झाला. २०१५ मध्ये जबलपूरकडची छोटी गाडी कायमची थांबली आणि २०२१ पासून गोंदिया ते जबलपूर सलग मोठी लाइन झाली. आता गया-चेन्नईच्या गाड्या आपल्या गावावरून जातात. सोय झाली, हे नक्की. पण लामटा-नैनपूरच्या जंगलातून खिडकीशी बसून केलेला तो प्रवास ज्यांनी केला, त्यांनीच आता तो नातवंडांना सांगायचा आहे.

दुसरे मॅंगनीज. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली. त्याच परंपरेतून १९६२ मध्ये मॅंगनीज ओर इंडिया, म्हणजे आपली मॉइल, उभी राहिली. गावाला लागून असलेली भरवेलीची खाण आशियातली सर्वात खोल भूमिगत मॅंगनीज खाण म्हणून ओळखली जाते. उकवा आणि तिरोडी याही आपल्याच जिल्ह्यात. भरवेलीच्या शिफ्टचा भोंगा, कपड्यांना लागणारी काळी धूळ आणि महिन्याचा ठरलेला पगार, यावर गावातली किती घरे उभी राहिली, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. पुढे १९८२ मध्ये मलाजखंडला तांब्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याने आणखी अभियंते आणि तंत्रज्ञ आणले, त्यांतही मराठी घरे होती.

आता येतो तो दिवस, ज्याने आपल्या घरांचा हिशेब बदलला: १ नोव्हेंबर १९५६. तोपर्यंत आपण आणि भंडारा-नागपूर एकाच प्रांतात होतो. विधानसभा नागपूरला, १९३६ पासून हायकोर्ट नागपूरला, १९२३ पासूनचे विद्यापीठ नागपूरला. १९५० च्या कायद्याने त्या राज्याच्या राजभाषाही दोन होत्या, हिंदी आणि मराठी. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूरला गेले, कचेरीची भाषा एकटी हिंदी झाली. गोंदिया इथून चाळीसेक किलोमीटर, पण रजेगावजवळ बाघ नदी ओलांडली की दुसरे राज्य. वडील एका राज्याचे नोकर, मुलगा दुसऱ्या राज्यात 'बाहेरचा' विद्यार्थी, अशी घरे झाली. ज्यांना जायचे ते नागपूरला गेले. आपले आजोबा-पणजोबा राहिले. त्यांनी राहायचे ठरवले म्हणून आज हा मांडव आहे.

पण मंडळी, सीमा नकाशावर पडली, खोरे काही तुटले नाही. वैनगंगा शिवनीच्या मुंडाऱ्याला उगवते, आपल्या गावाला पाणी पाजते आणि भंडारा-गडचिरोलीकडे निघून जाते. बावनथडीच्या धरणाचे पाणी दोन्ही राज्यांचे शेतकरी वाटून घेतात. भरवेलीतला मॅंगनीज आपला, मॉइलचे मुख्यालय नागपुरात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, आपल्याकडच्या खेड्यांत नारबोद निघते. रोगराई, खोकला घेऊन जा म्हणून गावाबाहेर नेतात, मागणे तेच. सणाला आपल्या घरी वडाभात होतो तो विदर्भाचा, आणि त्यातला चिन्नोर तांदूळ आपला. त्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगावी अशी: २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया, संपूर्ण मध्य प्रदेशात सर्वाधिक.

आता भाषेबद्दल. हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

आपल्या मराठीला पुण्याकडचे पाहुणे हसतात. आपण म्हणतो, "काय करून राहिला?", "काहून आला नाही?" मध्येच हिंदी शब्द येतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ही नागपूर-भंडाऱ्याच्या मराठीची बहीण आहे आणि पोवारीच्या शेजारी वाढली आहे. वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूरच्या बाजारात उभे राहा, एकाच माणसाच्या तोंडून तासाभरात मराठी, पोवारी आणि हिंदी ऐकू येतील. आपली भाषा या बाजाराची आहे. ती शुद्ध करायच्या नादात मुलांनी तोंडच मिटले, तर काय मिळवले?

खरी काळजी वेगळी आहे. घरात आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. समजते सगळे, बोलवत नाही. आजी आहे तोवर हे चालेल. पुढच्या पिढीत प्रश्नही हिंदीतच विचारला जाईल, आणि मग मराठी फक्त आरतीपुरती उरेल. आरती पाठ असते, पण तिचा अर्थ विचारला की मुले एकमेकांकडे बघतात.

यावर रडत बसायची गरज नाही, कारण आपल्या हातात एक मोठी सोय आहे. अमेरिकेतल्या मराठी मुलाला लिपीपासून सुरुवात करावी लागते. आपल्या मुलांना देवनागरी आधीच येते. हिंदीच्या पुस्तकामुळे त्यांचे वाचन तयार आहे. त्यांना फक्त 'ळ' ओळखीचा करून द्यायचा आहे आणि शब्दांची भीती घालवायची आहे. रोज पंधरा मिनिटे आजोबांनी गोष्ट मोठ्याने वाचली आणि नातवाने पुढचे पान वाचले, तर एका वर्षात काम होईल. त्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही, शाळा लागत नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. गावाचा इतिहास गॅझेटियरमध्ये सापडतो. ब्लूमफील्ड साहेबाचे नाव तिथे आहे. पण आपल्यापैकी कोणाचे पणजोबा कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या कामासाठी इथे आले, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते फक्त ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या माणसांच्या आठवणीत आहे. दर वर्षी त्यांतली दोन-चार माणसे आपण वैनगंगेच्या काठी पोहोचवून येतो, आणि त्यांच्याबरोबर ती माहिती जाते.

तेव्हा या अनंत चतुर्दशीपासून पुढच्या गणेश चतुर्थीपर्यंत प्रत्येक घराने दोन पाने लिहावीत. पहिला माणूस कोण आला, कुठून आला, काय काम केले, पहिले घर कोणत्या मोहल्ल्यात होते, १९५६ मध्ये राहायचे का ठरवले. सांगावे आजी-आजोबांनी, लिहावे नातवंडांनी, आणि मराठीत. शब्द अडला तर बालाघाटी शब्द चालेल, "काहून" चालेल, चुका चालतील. जुना फोटो, रेल्वेचा पास, मालगुजारीचा कागद, खाणीचे ओळखपत्र असे काही सापडले तर त्याची प्रत जोडावी. मंडळाने या पानांची एक नोंदवही बांधून ठेवावी आणि पुढच्या वर्षी याच मांडवात मुलांनी आपापली पाने वाचावीत. ज्या घरांची मुले पुण्या-बंगळुरूला गेली आहेत, त्यांनी फोनवर विचारून लिहावे, तेही चालेल.

या कामातून दोन गोष्टी होतील. मुलांना लिहिण्यासाठी मराठीत काहीतरी खरे मिळेल. आणि बालाघाट हे आपल्या बदलीचे ठिकाण नसून आपले गाव आहे, हे कागदावर येईल. घाटावर वसवायला निघालेले गाव घाटाखाली वसले, तरी ते टिकले, वाढले. आपणही तसेच. एका राज्यासाठी आलो, दुसऱ्या राज्यात राहिलो, आणि इथलेच झालो.

आता मंडप सोडण्यापूर्वी शेजारी बसलेल्या ज्येष्ठांना एकच प्रश्न विचारा: "आपल्या घरचे पहिले कोण आले?" नोंदवहीचे पहिले पान आज रात्रीच सुरू होऊ द्या.

गणपती बाप्पा मोरया!