आपला संगणक, आपल्या हातांनी
(एका पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्यभर नाते लेखणीशी. पेचकसाशी कधीच नव्हते. पण कन्येच्या अभ्यासासाठी संगणक घ्यायचे ठरले, तेव्हा नामांकित कंपनीच्या यंत्राची किंमत ऐकून मी दचकलो. कन्या म्हणाली, "बाबा, सुटे भाग आणून आपणच जोडू या." आम्ही दोघे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि माझे शिक्षण सुरू झाले.

पहिला धडा इतिहासाचा. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तो बव्हंशी बाहेरून घेतलेल्या भागांचा होता. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. त्याची तांत्रिक माहितीही कंपनीने प्रसिद्ध केली. साहजिकच इतरांनाही तशी यंत्रे घडविता आली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे प्रमाण आखून दिले. मदरबोर्डचा आकार, त्यावरील छिद्रांच्या जागा, विजेची जोडणी हे सारे निश्चित झाले. म्हणूनच आज एका कंपनीच्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या कंपनीचा मदरबोर्ड बिनबोभाट बसतो.

दुसरा धडा सावधगिरीचा. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट जुळलेच पाहिजे. डीडीआर-५ च्या खाचेत डीडीआर-४ रॅम बसत नाही. हे न पाहता आम्ही चुकीची रॅम घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानाची पायरी चढलो. एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये. निकृष्ट एसएमपीएस बिघडला, तर तो इतर महागडे भागही जाळू शकतो. प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्यावे, कारण येथे प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते. आणि सॉफ्टवेअर चोरीचे नको. लिनक्स आणि लिबरऑफिस विनामूल्य आहेत व त्यांत मराठीतूनही उत्तम काम करता येते.

आता हिशेबाचे बोलू. मोठ्या कंपन्या घाऊक खरेदी करतात. त्यामुळे साध्या कामाच्या यंत्रात पहिल्या दिवशी फार बचत होईलच असे नाही. खरी बचत चार-पाच वर्षांनी कळते. रॅम कमी पडली, तर तेवढीच वाढवावी; एसएसडी बिघडली, तर तेवढीच बदलावी. काही तयार यंत्रांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस खास घडणीचे असतात. तेथे एक भाग गेला, की दुसरा सहज मिळत नाही.

यंत्र जोडून आम्ही बटण दाबले. पंखे फिरले, पडदा मात्र काळाच! माझा धीर सुटला. कन्येने मदरबोर्डची पुस्तिका उघडली, एकेक जोडणी तपासली. प्रोसेसरला वीज देणारी तार लावायचीच राहिली होती. ती लावताच पडदा उजळला.

मित्रहो, वाचलेले पैसे मी विसरेन; तो क्षण विसरणार नाही. यंत्रापुढे हतबल होऊन बसणारी मुलगी आणि त्याचे झाकण उघडून दोष शोधणारी मुलगी यांत फार मोठे अंतर असते. संगणक विकत मिळतो, हा आत्मविश्वास मिळत नाही. आपल्या मुलांच्या हाती एकदा पेचकस देऊन पाहा, एवढीच विनंती.