मधल्या जागेत काय ठेवायचं?

श्रोतेहो, शब्दाला शब्द जोडणं हे कवीचं रोजचं काम. संगणकही तेच काम दिवसभर करत असतो. ते नीट झालं नाही, तर एखाद्याचं नावच बदलून जातं. म्हणून आज त्याविषयी बोलतो.

अर्जात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात. संगणक हे तुकडे एका रांगेत ठेवतो. या रांगेला प्रोग्रॅमर मंडळी 'ॲरे' म्हणतात. दाखल्यावर मात्र नाव सलग छापायचं असतं. मग तुकडे जोडून एक अक्षरमाळ, म्हणजे 'स्ट्रिंग', तयार होते. या जोडकामाला नाव आहे 'जॉईन'.

जोडताना प्रश्न येतो, दोन तुकड्यांच्या मध्ये काय ठेवायचं? 'जाऊबाई' आणि 'जाऊ बाई' यांत अक्षरं तीच, पण एकात नातं आहे, दुसऱ्यात निरोप. 1995 साली आलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेत काहीच सांगितलं नाही, तर ती आपणहून स्वल्पविराम घालते. पायथन भाषेची रीत मला विशेष आवडते. तिथे हुकूम रांगेला नव्हे, मधल्या चिन्हाला द्यायचा: 'तू यांना जोड.'

आता एखादा रकाना कोराच असला तर? सगळ्या घरांत आडनाव लावत नाहीत. कुणाच्या अर्जात मधलं नाव राहून जातं. यंत्र मात्र कोरा तुकडाही मोजतं. 'अमीना', कोरा तुकडा आणि 'शेख' ही रांग मध्ये एकेक मोकळी जागा ठेवून जोडली, की दोन नावांमध्ये दोन जागा पडतात. आपल्याला फरक जाणवत नाही. पण यंत्र तंतोतंत ताडून पाहतं. त्याच्या लेखी एक जागा सोडलेली अमीना शेख वेगळी आणि दोन जागा सोडलेली वेगळी. एका कागदावरची बाई दुसऱ्या कागदावर सापडत नाही, आणि हेलपाटे तिला घालावे लागतात.

दुसरी अडचण माळ पुन्हा सोडवण्याची. पत्त्याचे तुकडे स्वल्पविरामाने जोडले आणि 'घर 12, मशिदीमागे' या एकाच तुकड्यात आधीचा स्वल्पविराम असला, तर सोडवताना एकाचे दोन तुकडे होतात. कुठला स्वल्पविराम मूळचा आणि कुठला जोडाचा, याची खूण उरत नाही.

उपाय अवघड नाहीत. नाव जोडण्यापूर्वी कोरे तुकडे गाळावेत. तुकड्यांत कधी येणार नाही असंच चिन्ह मध्ये घालावं, नाहीतर प्रत्येक तुकडा अवतरणचिन्हांत ठेवावा. आणि मूळ रांग टाकून देऊ नये. माळ छापण्यापुरती करावी, साठवावी ती रांगच.

हे काम शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. प्रोग्रॅम तपासताना तिन्ही रकाने भरलेलं नाव सगळेच घालतात. तुमच्या ओळखीत आडनाव न लावणारी एखादी आजी असेलच. तिचंही नाव घालून पाहा.