पाऊल काय सांगते?



आज आम्ही पायांविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. सबंध देहाचा भार पाय वाहतात. एकेका पावलात २६ हाडे आहेत. पण आपण पायाकडे बघतो केव्हा? काटा मोडला तर! एरवी पाय दुखला की म्हणतो, "चाललो फार, दुखणारच."

आम्हीही तसेच होतो. शाळेत पस्तीस वर्षे उभे राहून शिकवले. पाय दुखले की रात्री तेल चोळावे आणि झोपावे, एवढेच ठाऊक. पुढे मधुमेह जडला. हळूहळू तळपाय बधिर झाले. पायातली चप्पल निसटली तरी कळेना. आम्हाला उलट बरेच वाटले. म्हटले, "चला, दुखणे थांबले!"

एके दिवशी नात म्हणाली, "आजोबा, फरशीवर रक्त कुणाचं?" बघतो तो आमच्याच पावलांचे ठसे! चपलेचा खिळा वर आला होता. तो बोटाच्या बुडाशी रुतत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही जखमेत हळद भरली, चिंधी बांधली. दुखत नव्हते, म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही. दहा दिवस गेले. मग पाय सुजला, जखमेला घाण वास येऊ लागला, अंगात ताप भरला. मुलाने इस्पितळात नेले. पाय वाचला, पण एक बोट काढावे लागले. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पहिल्याच दिवशी यायचं होतंत." जन्मभर मुलांना सांगितले, आजचे काम उद्यावर टाकू नका. आणि आम्हीच चुकलो.

मंडळी, दुखणे हा शरीराचा राखणदार आहे. तो हाक मारतो. प्रत्येक हाकेला धावत दवाखान्यात जायला नको. पण कोणती हाक कशाची, हे ओळखता आले पाहिजे.

घरी थांबून पाहावे असे दुखणे

दिवसभर भातलावणी केली, फार चालणे झाले, नवी चप्पल लागली, पाय थोडा मुरगळला. अशा वेळी पायाला विसावा द्यावा. निजताना पायाखाली उशी घ्यावी. मुरगळलेल्या जागी थंड पाण्याची घडी ठेवावी. पहिले दोन दिवस चोळू नये, शेकू नये. कुणाकडून ओढून घेऊ नये.

सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच ठणकते आणि थोडे चालल्यावर कमी होते. पुष्कळांना हा त्रास असतो. तळव्याखालचा चिवट पट्टा ताणल्याने तसे होते. मऊ तळाची चप्पल वापरावी. कठीण फरशीवर अनवाणी फिरू नये. पोटरीला हलका ताण देण्याचा व्यायाम करावा. बरे वाटायला काही आठवडे लागतात.

दोन-चार दिवसांत दाखवावे असे दुखणे

सूज पाच दिवसांतही उतरत नाही. दोन आठवडे घरचे उपाय करूनही दुखणे हटत नाही. पायाला मुंग्या येतात, आग होते, पाय बधिर वाटतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे टोचलेले कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. घाबरू नका, लपवू नका. तो औषधाने पूर्ण बरा होतो, आणि सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते. उशीर केला तर मात्र हातापायांत व्यंग राहू शकते.

ताबडतोब जावे असे दुखणे

पडल्यावर चार पावलेही टाकता येत नाहीत. पाय वाकडा दिसतो. जखम खोल आहे, रक्त थांबत नाही. जखमेतून पू येतो, लाली पसरत जाते, ताप भरतो. पाऊल एकाएकी थंडगार आणि पांढरे किंवा निळे पडते. एकाच पायाची पोटरी सुजते आणि दुखते. त्यातच धाप लागली तर क्षणभरही थांबू नये. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, सरळ इस्पितळ गाठावे. गाडी नसेल तर १०८ या क्रमांकावर फोन करावा. खिळा किंवा काच रुतली तर धनुर्वाताच्या सुईविषयी त्याच दिवशी विचारावे.

आणि ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी आमचे ऐकावे. तुमचा राखणदार झोपलेला असू शकतो. म्हणून जखम लहान असो, फोड असो, दुखो न दुखो, त्याच दिवशी दाखवा. कुरूप ब्लेडने कापू नका. पाय शेकू नका. अंघोळीचे पाणी पायावर घेण्याआधी कोपर बुडवून पाहा. चप्पल घालण्याआधी झटका, आत हात फिरवा.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, दवाखान्यात गेलो तर दिवसाची मजुरी बुडते." खरे आहे. पण पायच गेला, तर किती दिवसांची बुडेल? हा हिशेब तुम्हीच मांडा.

आमची नात आता रोज रात्री आमचे पाय बघते. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सारे तपासते. मग म्हणते, "आजोबा, पास!" तुम्हीही आज निजण्यापूर्वी दिव्याजवळ बसा आणि आपले पाय नीट बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर घरच्यांना सांगा. त्यात लाज कसली?